दुबारसाहेबांचा ट्रायपॉड

आमच्या मोजणी खात्यात मला माझ्या नावाने कोणी ओळखत नाही. पाठीमागे सगळे दुबारसाहेब म्हणतात आणि तोंडावर नुसतं साहेब म्हणताना पुढचा 'दुबार' गिळतात, तो मला ऐकू येतो. कारण माझी सवय. दुर्बीण तिपाईवर चढवली, लांबची खूण बघितली, आकडा घेतला, की मी दुर्बीण उलटी फिरवतो आणि तोच आकडा पुन्हा घेतो. एकतीस वर्षांत एकही आकडा मी एकदाच घेतलेला नाही. नव्या माणसांना पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो, "यंत्र फिरवल्यावर चूकही फिरली, तर यंत्र खोटं. यंत्र फिरलं तरी चूक बघणाऱ्यालाच चिकटून राहिली, तर बघणारा खोटा." ते माना डोलवायचे आणि मागे हसायचे. हसेनात का! माझ्या मोजणीवर भाऊबंदकी उभी राहिली नाही कधी.

दोन वर्षांपूर्वी मला बढती देऊन टेबलाशी बसवलं. दुर्बीण सुटली, नकाशे तपासणं आलं. माझ्या बायकोचं म्हणणं असं की पूर्वी हे उन्हात तापून घरी यायचे, आता सावलीत बसून तापतात.

सहलीची कल्पना तिची. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या एका फाटक्या भूगोलाच्या पुस्तकात परदेशातल्या कुठल्याशा समुद्राचं चित्र आहे, पांढरे उभे कडे आणि टोकावर दीपगृह. पंचवीस वर्षं ती त्या पुस्तकाला दरवर्षी नवा पुठ्ठा चढवत आली आहे. मुलगी नोकरीला लागली, तसं तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता जायचं. तारीख मी ठरवलीय."

मग तिने घरातले सगळे अल्बम काढले. लग्नातला एक फोटो सोडला तर आम्ही दोघं एकत्र कुठेच नाही. ती आहे, मुलगी आहे, मागे डोंगर नाहीतर तळं आहे, आणि पुढे जमिनीवर एक लांबलचक सावली पडली आहे. ती सावली म्हणजे मी.

"या वेळी मला सावली नकोय," ती म्हणाली. "ट्रायपॉड घ्या, ते दहा सेकंदांचं बटण दाबा आणि पळत येऊन माझ्या शेजारी उभे राहा. बाकी मला त्या देशातलं काही नको."

आता तिपाईच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. अर्धं आयुष्य मी तीन पायांच्या मागे उभा राहून काढलं आहे. दुकानांत मिळतात त्या बारक्या काटक्या, वारा आला की लटपटणाऱ्या. मी खात्यातून आमची जुनी लाकडी तिपाई घरी आणली आणि वजनकाट्यावर ठेवली. साडेपाच किलो.

बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली. "विमानात हिला खिडकीची जागा घ्यायची का?"

तिपाईचा वाद बाजूला ठेवून मी आधी कॅमेऱ्याकडे वळलो, आणि तिथेच खरी कटकट सुरू झाली. पहिला कॅमेरा मेव्हण्याचा. बायकोचा धाकटा भाऊ, हौशी माणूस, म्हणाला, "भावजी, माझाच न्या की, कशाला नवा घेता?" मी कॅमेरा हातात घेतला. डावा डोळा मिटला, उजवा लावला, आणि समोरच्या दाराच्या चौकटीवर नजर रोखली. आमच्या धंद्यात नजर कायम मधोमध, दुर्बिणीतल्या फुलीवर. चौकट सरळ असायला हवी. ती मध्यावर आत ओढली गेली होती, कोणी चिमटीत धरल्यासारखी. आणि त्या चिमटीच्या जागी काहीतरी पुसट, करडं.

"तुझं भिंग रेषा वाकवतं," मी म्हणालो.

त्याने त्याच दाराचा फोटो काढून मला दाखवला. चौकट ओळंब्यासारखी सरळ.

"फोटोत सरळच येणार," मी म्हणालो. "भिंगाचा दोष झाकायला आत सगळी सोय केलेली असते. कॅमेरा आधी वाकडं बघतो आणि मग सारवासारव करतो. मी वाचलंय त्याबद्दल."

"भावजी, नाचता येईना अंगण वाकडं!"

तो थट्टेत बोलला असेल. मला ते झोंबलं. मीही मग त्याच्या हौसेबद्दल, हौसेवर उडवलेल्या पैशांबद्दल आणि एकंदर अकलेबद्दल बोललो. तेव्हापासून त्याचा फोन नाही.

दुसरा कॅमेरा बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानात बघितला. रेषा वाकडी. तिसरा त्याच्या शेजारच्या दुकानात, चौथा स्टेशनामागच्या एका माणसाकडे, ज्याने माझ्यासाठी तीन खोकी फोडली आणि शेवटी हात जोडले. सगळीकडे तेच, मध्यावर चिमटी आणि करडा डाग. प्रत्येक दुकानदार फोटो काढून दाखवायचा, फोटो दोन्ही डोळ्यांनी बघायचा असतो, तो सरळ दिसायचा, आणि मी म्हणायचो, सारवासारव. आजकाल कोणी धड भिंग घासत नाही, सगळा माल उरकलेला, असं मी जेवताना रोज ऐकवत होतो. बायकोने माझ्याबरोबर दुकानांत येणं बंद केलं. "तुम्ही मुलीसाठी स्थळंसुद्धा इतकी नाकारली नसती," ती म्हणाली. बघता बघता चार महिने गेले आणि निघायला बावीस दिवस उरले.

पाचवा कॅमेरा एका बाईंच्या दुकानात बघितला. चिंचोळी जागा, आत एक दिवा, टेबलावर उघडे कॅमेरे आणि बारीक पेचकस. त्या जुने कॅमेरे दुरुस्त करून विकत. मी ट्रायपॉड म्हणताच त्यांनी एक काळा, सडपातळ ट्रायपॉड काढला. पाय पसरले आणि आधी तळहाताने वरून जोरात दाबून बघितला. मला बरं वाटलं. दाबून न बघता तिपाई दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

"सव्वा किलो," त्या म्हणाल्या. "खाली हूक आहे. वारा असला तर त्याला तुमची पिशवी अडकवा. मग हलत नाही."

मला काही खोट काढता येईना. त्यांनी त्यावर एक कॅमेरा बसवला आणि काचेबाहेर तोंड करून दिला. समोरच्या इमारतीच्या खिडकीला गज होते, एकाशेजारी एक, सरळ. मी डावा डोळा मिटला. मधले दोन गज एकमेकांकडे झुकले होते.

"हाही वाकडाच," मी म्हणालो. मी तयारीतच होतो. आता त्या फोटो काढतील, मी सारवासारव म्हणेन.

बाई वाद घालायला आल्याच नाहीत. "असेल," त्या म्हणाल्या. "बॅटरी उतरली की याच्या आतला छोटा पडदा लहरतो कधीकधी. खाली उजव्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा आहे. किती आहे तेवढं सांगा."

मी नजर मध्यावरून उचलली आणि कोपऱ्यात नेली.

आकडा नव्हता. तिथे करडा डाग होता.

"आकडा नाहीये इथे," मी म्हणालो.

त्यांनी वाकून बघितलं. "सत्त्याऐंशी. चांगली आहे की बॅटरी!"

मी पुन्हा डोळा लावला. पुन्हा कोपऱ्यात बघितलं, पुन्हा डाग. आणि समोरचे गज, ज्यांच्याकडे मी आता बघत नव्हतो, ते नजरेच्या कडेला सरळ उभे होते. मी डाव्या कोपऱ्यात बघितलं. डाग तिथे आला. वर बघितलं, वर आला. कुत्र्यासारखा माझ्या मागे मागे फिरत होता. काचेवरचा डाग काचेवर राहतो, तो माणसाच्या मागे फिरत नाही. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हे मी शंभर माणसांना सांगितलं होतं.

एकतीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. उजवा डोळा मिटला आणि डावा लावला. गज सरळ. सत्त्याऐंशी.

मी ट्रायपॉडला धरलं, आणि तो हलला नाही, हे माझ्या लक्षात आलं याचंच आता नवल वाटतं. पाच कॅमेरे बदलले, चूक माझ्याबरोबर या दुकानातून त्या दुकानात चालत आली होती, आणि दुबारसाहेबांना ते दिसलं नव्हतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "पाणी देऊ का?"

"नको. उद्या येतो," म्हणून मी बाहेर पडलो.

बाहेर फुटपाथवर उभा राहून मी डावा डोळा हाताने झाकला. विजेचा खांब मध्यावर मोडला. बसचा नंबर गेला. नाक्यावरच्या घड्याळाला काटेच नव्हते. हात काढला की सगळं जागच्या जागी, दोन्ही डोळे उघडे, जग ठणठणीत. डावा डोळा किती दिवस, किती महिने उजव्याची हजेरी लावत होता कोण जाणे. येणारे-जाणारे मला वळसा घालून जात होते. एक म्हातारा माणूस भर बाजारात उभा राहून एकदा हा डोळा झाकतो, एकदा तो, असं मी कोणाला बघितलं असतं तर मीही लांबूनच गेलो असतो. मी तिथे किती वेळ उभा होतो, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जातो म्हणून निघालो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर, शांत. त्यांनी चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला आणि मला उजव्या डोळ्याने बघायला सांगितलं. मधल्या चौकटी चुरगाळल्या होत्या. मग यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. पडद्यावर माझ्या डोळ्याच्या आतल्या पडद्याची रेघ उमटली. मला नकाशे वाचता येतात. रेघ नीट जात होती आणि मध्यावर तिला खिंडार पडलं होतं.

"छिद्र आहे," डॉक्टर म्हणाले. "बरोबर मध्यावर. वयोमानाने होतं कधीकधी, तुमची काही चूक नाही. कधीपासून दिसतंय वाकडं?"

"चार महिने."

ते लिहिता लिहिता थांबले. "चार महिने? आणि तुम्ही काय करत होता?"

कॅमेरे बदलत होतो, असं मला म्हणवेना.

"सुरुवातीला आला असतात तर छिद्र बारीक असतं," ते म्हणाले. "अजूनही करता येईल. ऑपरेशन करून आत वायूचा बुडबुडा सोडतात, तो छिद्राला दाबून धरतो. आठवडाभर दिवसरात्र मान खाली घालून राहायचं. नजर किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाही. पण एकेक आठवडा महत्त्वाचा आहे. आणि हो, बुडबुडा आत असेपर्यंत विमान नाही. दीड-दोन महिने तरी. वर गेलं की तो फुगतो, मग डोळाच जातो."

"मी तीन आठवड्यांनी सहलीला चाललोय."

"मग ठरवा," डॉक्टर म्हणाले.

मी जिन्यातच ठरवलं. आधी सहल, मग डोळा. पंचवीस वर्षं पुठ्ठे चढवलेल्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? खरं सांगायचं तर त्यात त्याग-बिग नव्हता. मला चूक कबूल करायची नव्हती. मेव्हण्याला, चार दुकानदारांना, सगळ्या दुनियेला वाकडं म्हणून झालं होतं, आणि आता म्हणायचं की वाकडा मीच? एक महिना काढू. डावा आहेच की. अशी मी माझी समजूत घातली आणि घरी गेलो.

दार उघडलं तर दिवाणखान्याच्या मधोमध तो काळा ट्रायपॉड उभा. त्यावर कॅमेरा. बायको शेजारी कमरेवर हात ठेवून.

"घेऊन टाकला," ती म्हणाली. "दुकानाचं कार्ड तुमच्या शर्टाच्या खिशात मिळालं. अर्धी रजा टाकून गेले. वाकडा तर वाकडा, मला चालेल वाकडा! बाई म्हणाल्या, साहेबांना ट्रायपॉड आवडलाय, कॅमेऱ्याचं माहीत नाही. शिवाय काल तुम्हाला बरं नव्हतं वाटतं, म्हणाल्या. काय होत होतं?"

"ऊन," मी म्हणालो.

"बरं. आता जरा बघा, मी नीट येते का. मी दाराशी उभी राहते. मग बटण दाबून तुम्ही पळत यायचं. तालीम करू. तिकडे कड्यावर पाय अडकून पडलात म्हणजे?"

ती आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी ट्रायपॉडच्या मागे गेलो आणि वाकलो. डावा डोळा लावायचा, असं मी बजावून ठेवलं होतं. पण एकतीस वर्षांची खोड. डावा आपोआप मिटला.

दार होतं. सहलीसाठी घेतलेला तिचा निळा स्वेटर होता. स्वेटरची बटणं, बाजूला सोडलेले हात, घरातल्या सपाता, सगळं होतं. मानेच्या वर काही नव्हतं. चौकटीच्या दोन्ही कडा तिथे आत वळून एकमेकींना भिडत होत्या, आणि मध्ये करडं.

वाकडे गज बघणं वेगळं. हे वेगळं. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होतो, म्हणूनच तो जात होता. बाजूला भिंतीकडे बघितलं असतं तर कडेला कुठेतरी आला असता. मी नजर हलवू शकलो नाही.

"येते का?" तिचा आवाज आला.

"हो," मी म्हणालो. "झकास. फक्त एवढी हसू नकोस."

स्वेटर हलला नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, एवढी हसू नकोस. साधी उभी राहा."

"मी हसत नव्हते," ती म्हणाली. "जीभ काढली होती. अजून काढणार होते, तुम्ही ओरडाल म्हणून वाट बघत होते."

मी डोळा काढला. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर ती तिथे होती, चेहऱ्यासकट, आणि त्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत होतं. ती ग्रंथालयात पोरांनी फाडलेलं पान लपवलेलं ओळखते, मला काय ओळखणार नाही? ती चालत माझ्याजवळ आली. माझा हात धरला आणि माझाच तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

"दुबार," ती म्हणाली. "आता सांगा. काय दिसतं?"

सहलीपर्यंत पुरतील एवढ्या सबबी होत्या माझ्याकडे. ऊन, थकवा, चष्म्याचा नंबर. "तुझा चेहरा नाही," मी म्हणालो. "बाकी सगळं आहे."

मग सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, ट्रायपॉडला धरून. डॉक्टर, छिद्र, बुडबुडा, विमान. मी संपवलं तेव्हा मला वाटलं रडेल. ती भडकली.

"चार महिने! चार महिने माझ्या भावाला, त्या दुकानदारांना, साऱ्या जगाला शिव्या, आणि एकदा, एकदा तुम्हाला वाटलं नाही की आपला डोळा बघावा? आणि कालपासून कळलं होतं तरी ऊन म्हणालात मला? तिथे कड्यावर नेऊन काय करणार होतात, माझ्या जागी स्वेटर बघणार होतात?"

"तुझी सहल..."

"माझी सहल मी बघते! ते कडे लाख वर्षं उभे आहेत, दोन महिन्यांत पडत नाहीत. तुमचा डोळा पडतो." एवढं बोलून ती मटकन खाली बसली आणि मग रडली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि डॉक्टरांचा नंबर मागितला. दुसरा फोन लावून तिने तो माझ्या हातात दिला. पलीकडे मेव्हणा होता. "भावजी?" तो म्हणाला, आणि मी त्याला म्हणालो, "तुझं भिंग सरळ आहे रे."

चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता मान खाली घालून माझा सहावा दिवस आहे. दोन खुर्च्यांच्या मध्ये उशीवर कपाळ टेकवून बसतो. सहा दिवस मी जमिनीवरच्या त्याच तीन फरश्या बघतो आहे, डाव्या डोळ्याने. उजव्यावर दिवसा पट्टी नसते, पण त्यातून नुसता डुचमळणारा उजेड, दुसरं काही नाही. नजर येईल की नाही, कुणालाच माहीत नाही. हे लिहितो आहे ती वही मांडीवर आहे आणि अक्षर बघून कचेरीतले लोक मला ओळखणार नाहीत.

आज दुपारी फरशीवर सपाता आल्या, मागोमाग ट्रायपॉडचे तीन पाय. पाय आखूड केले गेले. वर कॅमेरा खटकन बसला. मग बायको जमिनीवर उताणी झाली आणि सरकत सरकत माझ्या तोंडाखाली आली. केसांना फरशीवरची धूळ लागली होती.

"डावा झाका," ती म्हणाली.

मी झाकला. तिने हात लांबवून बटण दाबलं आणि कॅमेरा टिकटिक करू लागला. दहा सेकंद असतात.

"आता सांगा, मी काय करतेय?"

मला ठाऊक होतं ती काय करत असणार. एकतीस वर्षं संसार केला आहे, सहज सांगितलं असतं. उजव्या डोळ्यापुढे उजेड डुचमळत होता.

"दिसत नाही," मी म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याने फोटो काढला.